मिनिटभराचं खरं

भन्तेजींची गाडी बसस्टँडकडे वळेपर्यंत अमृतनं दम धरला. गाडी वळली, धुरळा बसला आणि त्यानं हातातला पाण्याचा जग ओट्यावर असा आपटला, की मागच्या मोरीत ताटं घासणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"बोलाव तुझ्या पोरीले," तो धाकट्या भावाला, जगदीशला म्हणाला. "बाबाचं पुण्यानुमोदन झालं, भोजनदान झालं, सगळ्यांची पोटं भरली. आता माझं आयका."

सुरवाड्यांची ही जुनी रीत. राग आला तर पाहुणा जाईपर्यंत झाकून ठेवायचा. पंचशील म्हणायचं, खीर वाढायची, हसून निरोप द्यायचा आणि मग घरातल्या घरात एकमेकांची सालटी काढायची. वडील, यादवबाबा, होते तेव्हाही असंच होतं. ते जाऊन आज तीन वर्षं झाली, रीत काही गेली नाही.

पण अमृतचा आजचा राग नेहमीचा नव्हता. सावद्यात केळी कापणाऱ्या चाळीस माणसांच्या टोळीचा तो मुकादम, आणि ती चाळीस माणसं बुधवारपासून घरी बसून होती. बुधवारी पहाटे टोळी बागेत पोचली, पहिला घड खांद्यावर आला, तेवढ्यात बागांचा माल उचलणाऱ्या झुलालशेठच्या माणसानं ट्रक रिकामाच परत फिरवला. पंजाबकडच्या व्यापाऱ्यानं माल नको म्हणून कळवलं होतं. का, तर त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. एक चष्मेवाली मुलगी हातात केळं धरून सांगत होती, की यात किरणोत्सर्ग आहे, यातले अणू आत्ता या घटकेला फुटताहेत. खाली कुणीतरी लिहून टाकलं होतं: सावद्याची केळी खाऊ नका, अणुशास्त्रज्ञ बाईंचा इशारा.

ती चष्मेवाली मुलगी म्हणजे जगदीशची रोशनी.

रोशनी आतून आली ती तयारीनंच. गेले चार दिवस तिचाही फोन थांबला नव्हता. तापीच्या खालच्या अंगाला, गुजरातेत, जे अणुवीज केंद्र आहे तिथं ती चार वर्षं नोकरीला होती. गेल्या रविवारी विहारातल्या वाचनालयात मुलांपुढं तासभर बोलली, ते वरिष्ठांची परवानगी घेऊन. काकाच्या टोळीचं काम बुडालं म्हणून तिला वाईट वाटत होतं आणि आपल्या तासभराच्या बोलण्याचं असं वाटोळं झालं म्हणून संतापही येत होता. दोन्ही एकदम आलं की माणूस धड रडत नाही आणि धड भांडतही नाही. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि काकाला म्हणाली,

"आबा, मी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंय. तुम्ही पहिल्या रांगेत होतात."

"व्हतो. म्हनून तर कपाळ बडवू राहिलो." अमृतनं बोटांवर हिशेब मांडावा तसा सगळा प्रकार पुन्हा सांगितला. कापायला आलेला घड माणसासारखा वाट बघत नाही. बुधवार जाऊन आज रविवार आला. बागेत घड झाडावर पिवळे पडायला लागलेत. व्यापारी आज ना उद्या येतील, त्यांनाही केळी विकूनच खायचंय. पण झुलालशेठला आता बाजाराला दाखवायला कुणाचं तरी उतरलेलं तोंड पाहिजे. एक तर रोशनीनं व्हिडिओ करून सांगायचं, की केळ्यात असलं काही नसतं, मी चुकीचं बोलले. नाहीतर ज्या घरातून हे निघालं त्या घराच्या टोळीनं उद्यापासून शेठच्या बागेत पाय ठेवायचा नाही. शेठ तीन वाजता फोन करणार होता. आणि सावद्यात अर्ध्या बागांचा माल शेठच्याच हातून जातो, हे त्या ओट्यावर कुणाला सांगायची गरज नव्हती.

"उचलली जीभ अन् लावली टाळ्याले," अमृत म्हणाला. "इतकी शिकली, पन कुठी काय बोलावं ते नाई शिकली."

हे रोशनीला लागलं. कारण ती उगाच बोललीच नव्हती. मुलांना तिनं मुळापासून सांगितलं होतं. अणूच्या पोटात एक केंद्रक असतं, इतकं बारीक की कशानं दिसत नाही, पण अणूचं जवळजवळ सगळं वजन आणि सगळा जोर त्यातच कोंबलेला. युरेनियमचं जडशीळ केंद्रक फोडलं की तो जोर उष्णता होऊन बाहेर पडतो. त्या उष्णतेवर पाणी उकळायचं, वाफेवर चाक फिरवायचं, चाकावर वीज काढायची. दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून हेच करतात, फक्त चूल वेगळी. मग एका पोरानं विचारलं, की ते युरेनियम येतं कुठून. खडकातून, ती म्हणाली. आणि खडकात आलं कुठून? पृथ्वी व्हायच्याही आधी जे तारे फुटून मेले, त्यांच्यातून. मग मागून एक पोरगी म्हणाली, "ताई, म्हणजे आपल्या सावद्यात तसलं काहीच नाही?" त्या पोरीचा पडलेला चेहरा बघून रोशनीनं खाऊसाठी आणलेल्या केळ्यांतलं एक उचललं.

हे सगळं तिनं आता पुन्हा सांगायला घेतलं, तर अमृतनं हातानंच तोडलं. त्याला तारे नको होते.

"केळ्यात ते आहे का नाई, एवढं सांग."

"आहे."

"मंग नाई म्हनून सांग."

"आहे ते नाही कसं सांगू, आबा? तुम्ही बागेला पोटॅश टाकता ना? लाल गोणीतलं? त्या पोटॅशियममध्येच थोडं तसलं असतं. झाड पितं, घडात उतरतं. बटाट्यात आहे, डाळीत आहे. एका केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात आणि कुणाचं काही वाकडं होत नाही. माझं पुढचं सगळं बोलणं तेच होतं, की घाबरायचं नाही."

धुळ्याहून आलेली मंदाबाई, या दोघा भावांची थोरली बहीण, इतका वेळ पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. तिला सकाळपासून अमृतचंच पटत होतं. पोरगी तिशीला आली, लग्नाचा पत्ता नाही, आणि ही असल्या भट्टीपाशी नोकरी करते, हे तिचं जुनं दुखणं. पण पोटॅश म्हटल्यावर तिनं मान वर केली.

"म्हंजे मना आंगमा बी शे का ते?"

"हो आत्या, तुमच्या अंगातही. केळ्यापेक्षा कितीतरी जास्त. सेकंदाला चारेक हजार. मांसात जास्त असतं, चरबीत कमी."

मंदाबाईनं हे तोंडातल्या तोंडात घोळवलं. मग कुणाकडे न बघता म्हणाली, "तं मंग झुलालशेठना आंगमा कमीच शे." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली. मोरीतून कुणीतरी हसलं. अमृतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो उठून उभा राहिला. त्याच्या अंगावर आजच्यासाठी पांढरा सदरा होता, पण बाहीवर केळीच्या चिकाचा काळा डाग होताच. त्याच्या एकाही कपड्याला तो डाग चुकलेला नाही. हसा म्हणाला. तुम्हाला हसायला काय जातं. एकाला महिना झाला की पगार, एकीला महिना झाला की पगार, धुळ्यात जावई रिक्षाचा मालक. पोटॅशच्या गोणी या पाठीनं वाहिल्या आणि शहाणपण मला शिकवता. चाळीस माणसं उद्या सकाळी सहा वाजता चौकात उभी राहतील, त्यांच्याकडे बघून हसा.

इथं जगदीशनं तोंड उघडलं. तो जळगावला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. आयुष्यभर साहेबांपुढं मवाळ बोललेला माणूस, पण लेकीचा विषय निघाला की त्याला कंठ फुटायचा. त्यानं भावाला चांगलंच सुनावलं. शेठला भीती वाटते म्हणून माझ्या पोरीनं जगापुढं खोटं बोलायचं का? उद्या तिच्या खात्यानं विचारलं, की बाई, तुम्हाला एवढंही माहीत नाही, तर तिच्या नोकरीचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा हा कुठला न्याय? ज्यानं तो व्हिडिओ अर्धा कापून टाकला त्याला धर ना. ऐकताना रोशनीला बापाचा अभिमान वाटला. तो फार वेळ टिकला नाही.

अमृत आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "जगा, तू शिकला तो कोनाच्या पाठीवर?"

झालं. जगदीशचं सगळं वक्तृत्व तिथंच बसलं. यादवबाबांना दोघांना शाळेत ठेवणं जमत नव्हतं, तेव्हा अमृतनं सातवीतून पाटी टाकून कोयता धरला होता. तो वर्गात पहिला यायचा. जगदीश यायचा नाही. ही गोष्ट या घरात वर्षातून एकदाच निघायची, पण निघाली की जगदीशचा जीव खालीवर व्हायचा. हेडक्लार्कची खुर्ची, जळगावचं घर, पोरीचं इंजिनिअरिंग, सगळं एका चिकानं माखलेल्या पाठीवर उभं आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि ठाऊक असल्याचा त्याला रागही होता, भावापेक्षा स्वतःचा जास्त. मग लेकीकडे वळला.

"रोशनी, बेटा, एक वाक्य आहे. म्हणून टाक. अंगाला भोकं पडत नाहीत. चार दिवसांत लोक विसरतील."

रोशनीला वाटलं आपण बरोबर ऐकलं नाही. तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

तिच्याआधी बोलायला उठली ती तिची आई. हेमलता शाळेत शिक्षिका, पण सासरच्या ओट्यावर तिनं तीस वर्षांत वर मान करून कधी वाद घातला नव्हता. दिरासमोर तर नाहीच. गेले चार दिवसही ती लेकीलाच रागावत होती, की तुला कुणी सांगितलं होतं केळं उचलायला. पण नवऱ्याची ही पलटी बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पदर खोचला.

"लोक विसरतील. तुम्हीपण विसराल. ही विसरणार नाही," ती म्हणाली. "भाऊंचे उपकार मी लग्न झाल्या दिवसापासून ऐकतेय. नाही कोण म्हणतं? पण उपकार तुमच्यावर झाले. तुम्ही फेडा. माझ्या पोरीच्या तोंडून नका फेडू."

मंदाबाईनं अडकित्ता खाली ठेवला आणि जागेवरूनच आपली बाजू बदलली.

"बरोबर बोलनी ती," ती अमृतला म्हणाली. "पोर खरं बोलनी. तिना गुन्हा काय शे?"

अमृत आता एकटा पडला आणि एकटा पडलेला अमृत फार वाईट बोलतो. तो म्हणाला, की मग त्या हरामखोराचं नाव सांगा ज्यानं हे कापून टाकलं. विहारात बाहेरचं कुणी नव्हतं, सगळी आपलीच माणसं. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी जळतोय. टोळी मोडायला टपलेले दोघंतिघं मला माहीत आहेत. एकेकाला चौकात उभा करतो आणि विचारतो. सापडला तर हात तोडून हातात देईन, मग तो कुणी का असेना.

"देऊ नका," मोरीच्या दारातून आवाज आला. "तुमचेच हात आहेत ते."

लताबाई, अमृतची बायको, ओले हात पदराला पुसत उभी होती. या घरातल्या दोन जावा यादवबाबांच्या शेवटच्या दुखण्यापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुणी किती केलं यावरून वाजलं होतं आणि तीन वर्षं मिटलं नव्हतं. म्हणून हेमलताची बाजू घ्यायला लताबाई येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती हेमलताची बाजू घ्यायला आलीच नव्हती. बुधवारपासून तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती आता राहत नव्हती.

ती बाहेर येऊन अमृतसमोर उभी राहिली. म्हणाली, की तो व्हिडिओ गावानं शंभरदा पाहिला, पण ऐकला कुणी नाही. सुरुवातीला एक बाई म्हणते, 'अहो, नीट धरा, पोरगी अर्धीच दिसती.' तो आवाज कुणाचा? मी तुमच्या शेजारी बसले होते. फोन तुमच्या हातात होता.

अमृत म्हणाला, "मी काढला, पन कापला कोनं? मी तं पुरा टाकला व्हता."

"कुठं टाकला होता, आबा?" रोशनीनं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"स्टेटसले. दुसरं कुठी येते मले?"

रोशनीनं डोळ्यांवर हात घेतला. तिला सगळा प्रकार एकदम दिसला. तिनं केळं उचलल्यापासून पुढची बारा मिनिटं आबानं हात न हलवता फोन धरला असेल. घरी येऊन स्टेटसला टाकला असेल. स्टेटसला मिनिटभराच्या वर काही बसत नाही, फोननं पहिलं मिनिट घेतलं आणि बाकीचं सोडलं. आबाला ते कळलंच नाही. पहिल्या मिनिटात केळं होतं, किरणोत्सर्ग होता, फुटणारे अणू होते. घाबरू नका, हे दुसऱ्या मिनिटात होतं. मग शेठच्या माणसांत, व्यापाऱ्यांत, कुणीतरी ते उचललं आणि पुढं लोटलं.

तिनं हे हळूहळू सांगितलं. कुणी कापलं नाही, आबा. कुणीच नाही.

"काय लिहिलं होतं त्याच्यावर, तेही सांगा," लताबाई म्हणाली. तिचा राग आता रडण्याकडे चालला होता. "सांगा ना. अर्धा तास लागला होता टाईप करायला."

अमृतनं मान फिरवली. तेव्हा तिनंच सांगितलं. "माझी पुतणी, असं लिहिलं होतं. एवढंच. माझी पुतणी."

अमृत ओट्याच्या कडेला बसला. त्याला रडू आलं नाही, त्याला राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. फोनवर, शेठवर, त्या पंजाबच्या माणसावर, स्वतःवर. आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीची छाती फुगवून जाहिरात केली आणि तिनंच टोळी घरी बसवली. चार दिवस तो पोरीला घालूनपाडून बोलत होता. पोरीनं उलटून एक वाकडा शब्द टाकला नाही. त्याला कुणाच्याच तोंडाकडे बघवेना.

रोशनी त्याच्याजवळ येऊन बसली. इतका वेळ ती हट्टानं उभी होती, पण 'माझी पुतणी' ऐकल्यावर तिचा हट्ट गेला. आता तिला खरंखोटं दिसत नव्हतं, हा माणूस दिसत होता. तिनं स्वतःचा फोन काढला.

"करते मी व्हिडिओ," ती म्हणाली. "सांगा काय बोलायचं ते."

हेमलता काहीतरी म्हणायला गेली, पण लेकीचा चेहरा बघून थांबली. जगदीशनं सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच त्याला त्याची लाज वाटली.

तेवढ्यात तीन वाजले असावेत, कारण झुलालशेठचा फोन आला. अमृतनं सवयीनं स्पीकर लावला. बागेत हात चिकानं भरलेले असतात, तो नेहमी स्पीकरवरच बोलतो.

शेठ वाईट बोलला नाही. त्याला वाईट बोलायची गरजच नव्हती. अमृतभाऊ, झालं का, त्यानं विचारलं. पोरगी समोरच आहे, ऐकते आहे, अमृत म्हणाला. रोशनीनं मध्ये पडून विचारून पाहिलं, की पूर्ण व्हिडिओ टाकला तर चालेल का. त्यात सगळं समजावलंय, की हे किती थोडं असतं आणि त्यानं काही होत नाही. शेठ हसला. म्हणाला, ताई, गिऱ्हाईक एवढा वेळ बसून ऐकत नाही. गिऱ्हाइकाला आहे की नाही, एवढंच पाहिजे. तुम्ही 'थोडं आहे' म्हणालात की त्याला 'आहे' एवढंच ऐकू येतं. तेही खोटं नव्हतं, हे रोशनीला कळत होतं.

मग शेठनं मजकूर सांगितला. तो त्यानं कुणाकडून तरी लिहून घेतला असावा, कारण वाचल्यासारखा सांगत होता. केळ्यात असं काहीही नसतं. मी ऐकीव माहितीवर बोलले. मी अडाणी आहे, मला त्यातलं काही कळत नाही, मला माफ करा.

"अडानी कशाले?" अमृतनं विचारलं. "चुकून बोलली म्हनते ना ती."

"अरे भाऊ, चुकून म्हटलं तर लोक म्हणतील शास्त्रज्ञ आहे, दबावाखाली बोलली. अडाणी म्हटलं की विषयच संपला." मग शेठ मोकळेपणानं, अगदी घरातल्यासारखं म्हणाला, "आणि खरं सांगू का, तुमच्यात तेवढं कळणार तरी कसं? लोकांना ते लगेच पटेल."

रोशनीनं फोन चेहऱ्यासमोर धरलेलाच होता. तिचा अंगठा रेकॉर्डिंगच्या लाल खुणेवर होता. तिनं ऐकलं होतं आणि तरीही ती बोलणार होती, हे हेमलताला दिसलं, लताबाईला दिसलं. तिचे ओठ हलले.

अमृतनं तिच्या हातातला फोन काढून घेतला. झटक्यानं नव्हे. मुलाच्या हातातून कोयता काढून घेतात तसा, पात्याकडून धरून.

"शेठ," तो म्हणाला. "तो व्हिडिओ मी टाकला व्हता. मी. माफी मागायची तं मी मागतो, फोननं अर्धा कापला म्हनून. पोरगी अडानी नाई. तुम्हाले जे कळत नाई ना, ते तिले कळते. आमच्यातल्या पोरीले."

मग शेठ म्हणाला, की अमृतभाऊ, तुम्ही रागात आहात, विचार करा. अमृत म्हणाला केला. शेठ म्हणाला, मग उद्यापासून बागेत येऊ नका, मी दुसरी टोळी बघतो. आणि फोन बंद झाला.

आता ओट्यावर जे झालं त्याला आनंद म्हणत नाहीत. जगदीश डोकं धरून बसला. भाऊ, हे काय केलंस, तो म्हणाला, चाळीस घरं आहेत ती. लताबाई त्या चाळिसांत स्वतः होती. तिनं नवऱ्याला शाबासकी दिली नाही. ती म्हणाली, तुमचा ताठा तुम्ही मिरवा, पण सकाळी आपल्या टोळीतल्या शेवंताबाईला काय सांगू, तिच्या घरात दुसरा कमावता नाही. ती बरोबर बोलत होती. अमृतला ते माहीत होतं. कापणारी माणसं शेठलाही लागतात, दुसऱ्या बागा आहेत, रावेरकडे बघू, असं काहीबाही तो बोलला. त्यात दम नव्हता. हेमलतानं उठून जावेला पाणी दिलं. लताबाईनं तांब्या घेतला, पण बोलली नाही.

"मी येते सकाळी चौकात," रोशनी म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना."

"तू नाई," अमृत ओरडला. घरात तो दिवसभरात एवढ्या मोठ्यानं ओरडला नव्हता. "काम माझ्यामुळे गेलं. टोळी माझी. त्यायले मी सांगनार, का गेलं ते. कोन्ही विचारलं, मुकादम, केळ्यात ते काय असतं, कुठून येतं, तं मले सांगता आलं पाहिजे. मी काय सांगू, शेठनं आपमान केला? तेवढ्यानं कोनाची चूल पेटते? मले खरं काय ते सांगायचं आहे." त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मले समजल्याशिवाय इथून कोन्ही उठायचं नाई. सांग. पयल्यापासून सांग."

रोशनीनं चष्मा पुसला. मग ती सांगायला लागली, की प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते आणि अणूच्या मधोमध एक केंद्रक असतं.

"थांब," अमृत म्हणाला. "नाई समजलं. परत सांग."